‘तात्पुरतं’ आहे म्हणून पाडायचं?

अमेरिकेतल्या जुन्या लष्करी तळांवर कुठे कुठे अजून एक पांढरं लाकडी चॅपल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर, उभं दिसतं. आडव्या फळ्यांच्या भिंती, वर टोकदार मनोरा, आत दोन्ही बाजूंना बाक. आराखडा ठरलेला, त्यामुळे एक पाहिलं की सगळी पाहिल्यासारखी वाटतात. म्हणूनच बहुधा त्यांची कुणाला किंमत नाही, आणि मला याचंच फार वाईट वाटतं.

सप्टेंबर १९४० मध्ये तिथे सक्तीच्या सैन्यभरतीचा कायदा झाला. देश स्वतः लढाईत नसताना असा कायदा तिथे पहिल्यांदाच आला. घर कधी न सोडलेली पोरं छावण्यांत येऊन पडली. बराकी भराभर उठल्या, पण देवापुढे बसायला धड जागा नव्हती. मग १९४१ मध्ये सरकारने ६०४ चॅपलसाठी पैसे मंजूर केले.

मला सगळ्यात भावते ती आतली वेदी. ती हलवता येईल अशीच केलेली. कॅथलिकांच्या प्रार्थनेला तिच्यावर येशूची मूर्ती असलेला क्रूस, प्रोटेस्टंटांच्या वेळी नुसता क्रूस, आणि ज्यूंसाठी तोराच्या, म्हणजे त्यांच्या धर्मग्रंथाच्या, गुंडाळ्यांची पेटी. बाक मात्र तेच. आधीच्या माणसाच्या बसण्याने गरम झालेल्या फळीवर दुसऱ्या धर्माचा पोरगा येऊन बसत असेल! ३ फेब्रुवारी १९४३ ला अमेरिकी सैनिकांना नेणारं ‘डॉर्चेस्टर’ जहाज बुडताना ज्या चार लष्करी धर्मगुरूंनी आपली लाइफ जॅकेटं सैनिकांना देऊन टाकली, त्यांत एक रब्बी (ज्यू धर्मगुरू), एक कॅथलिक आणि दोन प्रोटेस्टंट होते. ते याच सैन्यातले.

हेही सांगायलाच हवं की त्याच सैन्यात काळ्या सैनिकांच्या पलटणी वेगळ्या होत्या. ती वेगळी वागणूक बंद करण्याचा हुकूम निघाला १९४८ मध्ये. तीन धर्मांना एका छताखाली घेणाऱ्यांना एवढं जमलं नाही, हे मला बोचतं. पण इमारत टिकली तर हाही प्रश्न तिथेच उभा राहून विचारता येतो.

ही बांधकामं कागदोपत्री ‘तात्पुरती’. १९८३ च्या लष्करी बांधकाम कायद्याने दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली अशी लाकडी बांधकामं पाडून टाकायला सांगितलं. आधी फोटो आणि नकाशे करून ठेवायचं ठरलं, ते चांगलंच झालं. पण नकाशात पायाखालची फळी करकरत नाही. बराकी गेल्या तर जाऊ देत, त्यांचे नमुने पुष्कळ आहेत. चॅपलला मात्र तोच नियम लावू नये, एकेक बघून ठरवावं. युद्धानंतर यातली कितीतरी विकली गेली, उचलून दुसऱ्या गावी नेली गेली, आणि तिथे चर्च म्हणून नांदली.