परत द्यायच्या वस्तू

कपाट आवरताना जुनी यादी सापडली. कॉलेजच्या आर्ट गॅलरीतली. वर प्रदर्शनाचं नाव आणि खाली 36 ओळी: फोटो, हिशेबाची वही, शिवणयंत्राचं चाक, कुणाचं तरी पहिल्या नोकरीचं पत्र, एक किल्ली. प्रत्येक ओळीपुढे वस्तू देणाऱ्याची सही आणि शेवटच्या रकान्यात ‘परत मिळाली’ म्हणून पुन्हा सही. या शेवटच्या रकान्यातल्या सह्या आज पहिल्यांदा मोजल्या. 29.

मी तेव्हा शेवटच्या वर्षाला होते. कॉलेजच्या कुंपणापलीकडे राहणाऱ्या लोकांनी घरातली एक वस्तू द्यायची, तिची गोष्ट सांगायची आणि आम्ही दोन्ही गॅलरीत मांडायचं, असा तो प्रकल्प. कल्पना चांगली होती, आजही वाटतं. भिंतीतली भोकं पुट्टीने बुजवली, वरून पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले. कागदी वस्तूंवर 50 लक्सपेक्षा जास्त उजेड नको म्हणून दिवे मंद करत बसलो. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण 57 इंचांवर हवा, हेही तिथेच शिकले. ही उंची उभ्या असलेल्या मोठ्या माणसाच्या नजरेची. व्हीलचेअरवर आलेल्या एका काकांनी स्वतःच दिलेला फोटो मान उंचावून पाहिला, तेव्हा आम्हाला ते कळलं. (तोवर माहितीपत्रकात ‘सर्वांसाठी खुली गॅलरी’ असं छापून झालं होतं.)

उद्घाटनाला ही गर्दी! भाषणं, फोटो, कौतुक. मग परीक्षा, मग सुट्टी, मग आमची बॅच पांगली. वस्तू खोक्यांत गेल्या, खोकी स्टोअररूममध्ये. एक बाई नवऱ्याचा फोटो परत न्यायला आल्या तर गेटवर त्यांच्याकडे कॉलेजचं ओळखपत्र मागितलं. उद्घाटनाच्या संध्याकाळी त्याच गेटवरून आम्ही त्यांना हाताला धरून आत आणलं होतं.

कॉलेज-गॅलऱ्यांमधले असले प्रकल्प सत्राच्या वेळापत्रकात मरतात, असं माझं मत त्या दिवसापासून आहे. खरं तर कॉलेजच्या गॅलरीसारखी चैन कुणाला नाही. तिला चित्रं विकायची नसतात, तिकीटबारी सांभाळायची नसते, एखादा प्रयोग फसला तरी कुणाचं दिवाळं निघत नाही. सवडीने काम करण्याची सगळी सोय तिच्याकडे. आणि घाई मात्र सगळ्यात जास्त तिलाच! चार महिन्यांत वस्ती ‘समजून’ घ्यायची, लोकांना ‘सहभागी’ करायचं, मांडणशिल्प उभं करायचं, अहवाल द्यायचा आणि मार्क घ्यायचे.

मिर्ल लॅडरमन युकेलिस ही न्यूयॉर्कची कलाकार. 1977 साली ती तिथल्या सफाई खात्याची बिनपगारी निवासी कलाकार, म्हणजे खात्याच्या सोबत राहून काम करणारी कलाकार, झाली. 1979-80 मध्ये तिने शहरातल्या सुमारे साडेआठ हजार सफाई कामगारांशी एकेक करून हस्तांदोलन केलं आणि प्रत्येकाला म्हणाली, न्यूयॉर्क जिवंत ठेवल्याबद्दल आभार. त्यासाठी ती जवळपास वर्षभर त्यांच्या पाळ्यांच्या वेळा पाळत शहरभर हिंडत होती. आमच्या ‘सफाई कामगार आणि कला’ कार्यशाळेची वेळ कामगारांची ड्युटी चालू असतानाची होती. कुणी आलं नाही, तर ‘लोकांमध्ये कलेविषयी उदासीनता’ असं अहवालात गेलं. ते वाक्य मीच लिहिलं होतं.

कलाकार नवजोत अल्ताफ यांचं छत्तीसगडमधल्या बस्तरमधलं काम पाहा. कोंडागाव परिसरात तिथल्याच कलाकारांना बरोबर घेऊन त्यांनी हातपंपांभोवतीच्या जागा घडवल्या. पाणी भरायला येणाऱ्या बायका-मुलींचं वाकणं, उचलणं, भांडं टेकवणं हाच त्या घडणीचा विषय. आणि हे एका सत्रात उरकलेलं नाही, वर्षानुवर्षं चाललं. भांडं किती उंचीवर टेकवलं म्हणजे कमरेला त्रास होत नाही, ही गोष्ट आमच्या 57 इंचांपेक्षा मला फार महत्त्वाची वाटते.

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो तो मात्र योसेफ बॉइस या जर्मन कलाकाराचा दगडांचा ढीग. जर्मनीतल्या कासेल शहरात दर काही वर्षांनी ‘डॉक्युमेंटा’ हे मोठं कलाप्रदर्शन भरतं. 1982 च्या प्रदर्शनात त्याने त्या शहरात 7000 झाडं लावायला घेतली. प्रत्येक झाडाशेजारी बेसाल्टचा एक उभा दगड. हे सगळे दगड आधी संग्रहालयासमोरच्या हिरवळीवर आणून टाकले. झाड लागलं की ढिगातला एक दगड कमी. किती काम राहिलंय ते येणाऱ्या-जाणाऱ्याला रोज दिसायचं, आणि दिसायचं तेही ओबडधोबड. कुरकुरही झाली. बॉइस 1986 मध्ये गेला, शेवटचं झाड 1987 मध्ये त्याच्या मुलाने लावलं. आमचाही ढीग होताच की, स्टोअररूममध्ये, कुलपात. तीच खोकी गॅलरीच्या मधोमध ठेवली असती आणि शेवटची वस्तू घरी पोचेपर्यंत पुढचं प्रदर्शन लावायचं नाही असं ठरवलं असतं, तर? पुढच्या बॅचने आम्हाला शिव्या घातल्या असत्या. पण 36 च्या 36 सह्या झाल्या असत्या.

एक प्राध्यापक मित्र म्हणतो, अगं, मुलं शिकतायत, त्यांच्याकडे आहेतच चार महिने. मान्य. मग त्याला सराव म्हणा आणि आपापसात करा. लोकांच्या घरातला फोटो भिंतीवरून काढून आणायचा असेल, तर तो पुन्हा त्या भिंतीवर लावून येईपर्यंतचा वेळ, टेम्पोचं भाडं आणि एक जबाबदार माणूस आधी ठरवा. बजेटमध्ये माहितीपत्रकाच्या गुळगुळीत कागदासाठी ओळ असते, परतीच्या वाहतुकीसाठी मी अजून पाहिलेली नाही.

विश्वासाचा व्यवहार उलट दिशेनेही करता येतो. अमेरिकेतल्या ओबर्लिन कॉलेजचं कलासंग्रहालय 1940 पासून मूळ कलाकृती नाममात्र भाड्याने विद्यार्थ्यांना देतं. सत्रभर पिकासोचं प्रिंट हॉस्टेलच्या खोलीत! पोरं त्यासाठी आदल्या रात्रीपासून रांगेत झोपतात. तिथे संस्था आपली वस्तू बाहेर देते आणि ती परत येण्याची काळजी वाहते. आमच्याकडे काळजी त्या बाईंनी वाहिली, गेटवर उभं राहून. (त्यांचा फोटो त्या दिवशी मिळाला. आमच्या बॅचच्या एका मुलीने भिंतीवरून उडी मारून आतून आणून दिला. गॅलरीत झालेलं ते एकमेव धाडसी काम.)

तर, यादीतल्या सात ओळींपुढे सही नाही. त्यातल्या दोन वस्तू नंतर पोचल्याचं मला आठवतंय, फक्त सही राहिली. हिशेबाची वही आमच्या सरांकडे होती. 21 नंबरची किल्ली मात्र मीच खोक्यात ठेवली होती, पितळी, डोक्याला निळा दोरा बांधलेली. देणाऱ्या आजोबांनी सांगितलं होतं की कुलूप अजून दाराला आहे. तेव्हाच्या बॅचपैकी कुणाला तिचं पुढे काय झालं ते ठाऊक असेल, तर इनबॉक्समध्ये कळवा. पत्ता यादीत आहे.