खुल्या नवोन्मेषाचे बंदिस्त नेतृत्व

आपल्या संस्थेत खुल्या नवोन्मेषाचे नेतृत्व आपल्याकडे सोपवण्यात आले, याबद्दल आपले अभिनंदन. सगळी हुशार माणसे आपल्याच पगारपत्रकावर नसतात, म्हणून कल्पनांची ये-जा संस्थेच्या भिंतींपलीकडे व्हावी, हा विचार व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासक हेन्री चेसब्रो यांनी २००३ मध्ये या नावाने मांडला आणि तेव्हापासून प्रत्येक मोठ्या संस्थेला असा एक नेता हवाहवासा वाटू लागला. बाहेरून घ्यावे कसे, हे आपल्याला शिकवण्याची गरज नाही. स्वतः काहीही न देता ते वर्षानुवर्षे घेत कसे राहावे, हे कौशल्य मात्र सरावानेच येते.

सुरुवात गोपनीयता कराराने करावी. समोरच्या संस्थेचे नाव नीट कळण्यापूर्वीच आपल्या विधी विभागाचा जाडजूड मसुदा तिच्याकडे गेलेला असावा आणि बैठकीत ती जे बोलेल त्यावर आपला हक्क राहील, पण आपण जे बोलू ते मात्र गुपित मानले जाईल, अशी त्यातील कलमांची रचना असावी. लहान संस्था असेल तर मसुदा वकिलाकडून तपासून घेईपर्यंत तिचे खेळते भांडवल आटते; त्यानंतर ती पुष्कळच मोकळेपणाने बोलते, असा अनुभव आहे.

आपली अडचण बाहेरच्यांना सांगताना ती त्यांना समजणार नाही, याची काळजी घ्यावी. गोल्डकॉर्प या कॅनडातील खाणकंपनीचे प्रमुख रॉब मॅकइवन यांनी २००० मध्ये नेमके उलटे केले. खाणउद्योगात तिजोरीत ठेवण्याची वस्तू म्हणजे भूगर्भीय माहिती. ती रेड लेक येथील खाणीपुरती त्यांनी साऱ्या जगापुढे उघडी केली आणि सोने कोठे सापडेल हे सांगणाऱ्यांसाठी एकूण ५,७५,००० डॉलरची बक्षिसे लावली. कंपनीला सोने मिळाले हे खरे, पण तिच्या भूगर्भशास्त्रज्ञांना काय वाटले असेल, याचाही विचार व्हायला हवा. आपण ‘कार्यक्षमतेत आमूलाग्र सुधारणा घडवणाऱ्या अभिनव उपायांचे स्वागत आहे’ एवढेच जाहीर करावे आणि आलेले प्रस्ताव सुमार निघाले की बाहेर गुणवत्ता उरलेली नाही, असा अहवाल संचालक मंडळापुढे ठेवावा.

बक्षीस लावलेच असेल, तर ते न देण्याची उत्तम परंपरा आपल्या पाठीशी आहे. समुद्रात जहाजाचे रेखांश अचूक सांगणारी पद्धत शोधणाऱ्यासाठी ब्रिटिश संसदेने १७१४ मध्ये २०,००० पौंडांपर्यंतचे बक्षीस जाहीर केले. ते जिंकण्याच्या जवळ पोहोचला जॉन हॅरिसन, म्हणजे सुतारकाम करता करता घड्याळे बनवायला शिकलेला माणूस. आणि परीक्षक मंडळात खगोलशास्त्राचे जाणकार बसलेले, ज्यांना उत्तर आकाशातूनच यायला हवे होते. बंदरावरची वेळ समुद्रातही अचूक दाखवून रेखांश काढू देणारे त्याचे घड्याळ सागरी चाचणीत खरे उतरल्यावर मंडळाने तो योगायोग असू शकतो असे म्हटले, दुसरी चाचणी घेतली, तीही यशस्वी झाल्यावर अटी वाढवल्या, घड्याळ ताब्यात घेतले आणि तशीच आणखी घड्याळे बनवून दाखवायला सांगितले. अखेर १७७३ मध्ये, हॅरिसन ऐंशी वर्षांचा असताना, संसदेने ८,७५० पौंड दिले; मंडळाने मुख्य बक्षीस कोणालाच दिले नाही. एका समितीने इतका दीर्घकाळ संयम राखल्याचे दुसरे उदाहरण चटकन आठवत नाही. आजच्या घाईच्या काळात एवढे जमणार नसेल, तर नेटफ्लिक्सप्रमाणे बक्षीस देऊन टाकावे. प्रेक्षकांना चित्रपट सुचवणारी प्रणाली सुधारण्यासाठी लावलेल्या स्पर्धेत त्या कंपनीने २००९ मध्ये विजेत्या चमूला १० लाख डॉलर दिले आणि ती जिंकलेली संपूर्ण प्रणाली कधी वापरात आणली नाही.

बाहेरच्या कल्पनांची छाननी कोणी करावी, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. ज्यांचे काम त्या कल्पनेमुळे अनावश्यक ठरेल, त्यांनीच. कारण तिचे धोके त्यांच्याइतके बारकाईने कोणालाच दिसत नाहीत. दीर्घकाळ एकत्र असलेल्या संशोधन गटांचा बाहेरच्या जगाशी संवाद घटतो आणि त्याबरोबर त्यांची कामगिरीही उतरते, असे कॅट्झ आणि ॲलन या संशोधकांनी १९८२ मध्ये दाखवले होते. अशा गटाला आपण ‘अनुभवी’ म्हणावे.

संयुक्त प्रकल्पावर माणसे पाठवण्याची वेळ आली की ज्याची अनुपस्थिती कोणाच्याही लक्षात येणार नाही, त्याची निवड करावी. अमेरिकेतील सेमीकंडक्टर कंपन्यांनी १९८७ मध्ये संयुक्त संशोधनासाठी सेमाटेक हा संघ उभारला, तेव्हा इंटेलचे सहसंस्थापक रॉबर्ट नॉइस यांनी पुढच्याच वर्षी वयाच्या साठीत स्वतः ऑस्टिनला जाऊन त्याचे प्रमुखपद स्वीकारले. हे आपल्याला शोभणार नाही. आपण सुकाणू समितीचे अध्यक्ष व्हावे, पाठवलेल्या माणसाला एकही निर्णय घेण्याचा अधिकार देऊ नये आणि वर्षअखेरीस त्याच्या मूल्यमापनात ‘मूळ विभागासाठी योगदान अपुरे’ अशी नोंद करावी, म्हणजे पुढच्या वेळी जायला कोणीही तयार होणार नाही.

यशाचे मोजमाप सामंजस्य करारांच्या संख्येवर ठेवावे. करारावर सही होते त्या दिवशी छायाचित्र निघते, काम सुरू होते त्या दिवशी निघत नाही. एखादा भागीदार कंटाळून आपल्या प्रतिस्पर्ध्याकडे गेला आणि तेथे त्याचे उत्पादन बाजारात आले, तर ‘आमच्या परिसंस्थेत घडलेला उपक्रम’ म्हणून वार्षिक अहवालात त्याचा उल्लेख करावा, त्याला पेटंटच्या उल्लंघनाची नोटीस पाठवावी आणि संकेतस्थळावरील भागीदारांच्या यादीतून त्याचे बोधचिन्ह काढण्याची घाई करू नये.