म्हणे डॉक्टरविरुद्ध डॉक्टर बोलूच शकत नाही!

मामीच्या ऑपरेशनबद्दल परभणीच्या ग्राहक आयोगात तक्रार करायची, असं मामांनी ठरवलं होतं. परवा फोनवर म्हणाले, "जाऊ दे बाबा, कामून त्या नादी लागायचं?" कारण नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज. त्यात चार दावे: डॉक्टरविरुद्ध साक्ष द्यायला दुसऱ्या डॉक्टरला कायद्यानं बंदी आहे, दिली तर त्याची संघटना लायसन काढून घेते (अमेरिकेत म्हणे तसं झालंय), सरकारी समितीनं डॉक्टरला निर्दोष ठरवलं की सगळीकडे विषय संपला, आणि तज्ज्ञाचं पत्र नसेल तर आयोग तक्रार घेतच नाही.

बंदी? कोणत्या कायद्यात? मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या आचारसंहितेचं कलम 1.7 उलटंच सांगतं: व्यवसायबंधूंचा अकार्यक्षम, भ्रष्ट, अप्रामाणिक किंवा अनैतिक व्यवहार डॉक्टरनं भीड न बाळगता उघड करावा. शिवाय जेकब मॅथ्यू खटल्यात (2005) सुप्रीम कोर्टानं म्हटलंय, की दुसऱ्या सक्षम डॉक्टरचं विश्वासार्ह मत सोबत असल्याशिवाय डॉक्टरवर खाजगी फौजदारी तक्रार दाखल करून घेऊ नये. बंदी असती तर हे मत कोर्टानं कुणाकडून मागितलं असतं, कंपाउंडरकडून?

साक्ष द्यायला डॉक्टर सहसा पुढे येत नाहीत, हे मात्र खरं. छोट्या गावात सगळे एकमेकांना पेशंट पाठवतात.

अमेरिकेचा किस्सा अर्धा खरा आहे, तेवढं मान्य करावं लागतं. डॉ. ऑस्टिन या न्यूरोसर्जननं पेशंटच्या बाजूनं साक्ष दिली आणि न्यूरोसर्जनांच्या संघटनेनं त्याला सहा महिने निलंबित केलं. पण ते संघटनेच्या सदस्यत्वातून. लायसन संघटनेच्या हातात नसतंच. आणि कारण साक्ष देणं हे नव्हतं, तर साक्षीत आधार नसलेली विधानं करणं हे होतं. 2001 मध्ये अपील कोर्टानंही संघटनेचीच बाजू घेतली. अशी कारवाई पेशंटच्या बाजूनं बोलणाऱ्यांवरच होते, ही ऑस्टिनची तक्रार होती आणि मला ती अगदीच पोकळ वाटत नाही. पण साक्षीदार डॉक्टरची तपासणी त्याच विषयातल्या डॉक्टरांनी करावी, याला तोंड बंद करणं म्हणत नाहीत. ठोकून देणारा तज्ज्ञ पेशंटलाही बुडवू शकतो.

तिसरा दावा सरकारी समितीचा. तिचा अहवाल पोलिस केससाठी असतो. ग्राहक आयोगावर तो बंधनकारक नाही. तज्ज्ञाचं मत हे शेवटी मतच, त्याची उलटतपासणी होते.

चौथा दावा 2010 च्या किशन राव निकालानं केव्हाच निकालात काढलाय. मलेरियाच्या पेशंटवर टायफॉइडचे उपचार झाले होते. सुप्रीम कोर्ट म्हणालं, प्रत्येक ग्राहक तक्रारीत तज्ज्ञाचं मत लागतंच असं नाही. गुंतागुंतीच्या केसमध्ये लागू शकतं, एवढंच.

मेसेज वाचून हातावर हात ठेवून बसलात तर ग्राहक तक्रारीची दोन वर्षांची मुदत निघून जाते. नंतर उशिराचं सबळ कारण द्यावं लागतं. मामांना सांगितलंय, आधी केसपेपरची प्रत लेखी मागा. त्याच आचारसंहितेनुसार ती 72 तासांत द्यावी लागते.