‘मानसिक आजार मतदानानं ठरतात’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यात एक ओळखीचे गृहस्थ आमच्या दौलतगंजातल्या औषधाच्या दुकानात आले आणि पिशवीतून लिथियमच्या, म्हणजे मनाच्या टोकाच्या चढउतारांवरच्या औषधाच्या, चार पट्ट्या काढून काउंटरवर ठेवल्या. “परत घ्याल का? मुलाला आता द्यायच्या नाहीत.” मुलगा पंचविशीतला, दोन वर्षं छान सावरलेला. कारण विचारलं, तर त्यांनी मोबाइल पुढे केला. आमच्या ग्वाल्हेरच्या मराठी ग्रुपांवर महिनाभर फिरतोय तोच मेसेज. त्याचं म्हणणं असं: मानसिक आजार रक्तात दिसत नाहीत, म्हणजे ते नसतातच. अमेरिकेतले डॉक्टर मतदान करून ते ठरवतात. त्यांच्या पुस्तकात १९५२ साली शंभरेक आजार होते, आता तीनशेच्या घरात गेलेत, तो औषध कंपन्यांचा धंदा. आणि आपल्या आजी-आजोबांच्या काळी असलं काही नव्हतं.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तो मला सर्वांत जास्त लागला.

लष्कर भागातल्या आमच्या वाड्यात माझी आत्या राहायची. पहाटे चारला ती नळावर बसायची. ग्वाल्हेरचा जानेवारी, गार पाणी, आणि ती कोपरापर्यंत हात धुतेय, उजाडेपर्यंत. बोटांच्या पेरांवर भेगा पडून रक्त यायचं. रक्तानं विटाळ झाला म्हणून ती पुन्हा धुवायची. घरचे कौतुकानं म्हणत, “अक्कांचं सोवळं फार कडक.” मला मात्र ती एकदा रडत म्हणाली होती, “कळतं रे मला, हात स्वच्छ आहेत. पण थांबवत नाही.”

याला मराठीत शब्द आहे: मंत्रचळ. आजार नव्हताच, तर हा शब्द आला कुठून? चरकसंहितेत उन्मादाचे, म्हणजे वेडाचे, पाच प्रकार सांगितलेत: वातज, पित्तज, कफज, सान्निपातिक आणि आगंतुक. म्हणजे वर्गीकरणाची खटपटसुद्धा आपल्याकडे जुनीच.

त्याच वाड्यात माझी आजीही सोवळं पाळायची. पण तिचं सोवळं नैवेद्य झाला की संपायचं, आणि मग ती आम्हाला मांडीवर घ्यायची. आजचे निकष हाच फरक टिपतात: विचारांत आणि कृतींत रोज तासाहून जास्त वेळ जातो का, किंवा माणसाला त्याचा जाच होतो का, कामधाम अडतं का. आजीची ती रीत होती, आत्याचा तो आजार होता. तो वेळीच ओळखला असता तर हात न धुता राहण्याचा हळूहळू सराव देणारी उपचारपद्धती आहे, औषधं आहेत. तिला यातलं काहीच मिळालं नाही, ही माझी आयुष्यभराची खंत आहे.

आता रक्ताचं. बहुतेक मानसिक आजारांना रक्ताची चाचणी नाही, हे खरंच आहे. अर्धशिशीलाही नाही, ती लक्षणांवरूनच ओळखतात. म्हणून ती नसते असं कपाळ धरून बसलेल्या माणसाला सांगून पाहा.

मतदानाचं अर्धसत्य आहे. डिसेंबर १९७३ मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. त्यावर वाद झाला, तेव्हा १९७४ मध्ये सभासदांचं मत घेतलं आणि ५८ टक्क्यांनी तो निर्णय उचलून धरला. पण मेसेजवाले त्याआधीचं सांगत नाहीत. एव्हलिन हुकर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९५७ मध्येच दाखवलं होतं की, नावं झाकून चाचण्यांचे निकाल दिले तर समलिंगी पुरुष कोणता आणि दुसरा कोणता, हे तज्ज्ञांना ओळखता येत नाही. चूक पुराव्यानं उघडी पडली आणि मतानं दुरुस्त झाली. रक्तदाबाची रेषासुद्धा माणसंच बसून ठरवतात. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांनी ती १४०/९० वरून १३०/८० वर आणली. तेवढ्यावरून कोणी बीपीची गोळी बंद केली नाही.

आजारांच्या वाढत्या आकड्याबद्दल बोलताना आधी सांगतो, मी औषधं विकून पोट भरतो, तेव्हा माझ्यावर संशय घेण्याचा तुम्हाला हक्क आहे. आणि कंपन्यांच्या पैशाची शंका रास्तही आहे: त्या अमेरिकन पुस्तकाच्या १९९४ च्या आवृत्तीवर काम केलेल्या तज्ज्ञांपैकी निम्म्याहून अधिकांचे औषध कंपन्यांशी आर्थिक संबंध होते, असं २००६ मध्ये उघड झालं. पण यादी वाढण्याचं ते एकमेव कारण नाही. सारख्याच रुग्णांना न्यूयॉर्कमध्ये एक नाव मिळे, लंडनमध्ये दुसरं. म्हणून १९८० च्या आवृत्तीत नेमके निकष आले, आणि एकेका ढोबळ नावाखालचे प्रकार वेगळे झाले. काही नावं गेलीसुद्धा. २०१३ मध्ये अ‍ॅस्पर्गर हे वेगळं निदान उरलं नाही, ते स्वमग्नतेतच धरलं जाऊ लागलं.

त्याच साली घेतलेला एक निर्णय मला आजही पटत नाही. तोवर जवळचं माणूस गेल्यावर पहिले दोन महिने नैराश्याचं निदान करताना हात आखडता घ्यावा, अशी सूट होती. ती काढून टाकली. पुढे २०२२ मध्ये लांबलेल्या शोकाचं वेगळं निदान आलं, त्यात मोठ्या माणसासाठी किमान वर्ष उलटल्याची अट घातली. आपलं वर्षश्राद्धही वर्षानंच येतं. इतका अवधी दुःखाला द्यायलाच हवा.

शिवाय आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात नाव आहे ते जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाचं, अमेरिकेच्या पुस्तकाचं नव्हे. सामाजिक स्थान, राजकारण, धर्म किंवा समाजाच्या चालीरीती न पाळणं यावरून कोणाला मनोरुग्ण ठरवता येणार नाही, हेही त्यात स्पष्ट लिहिलंय.

आणि लिथियम? तो साधा क्षार आहे. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी मन अतोनात उसळण्याच्या आजारावर त्याचा गुण दाखवला. त्यावर कोणाचं पेटंट नाही आणि माझ्या दुकानातल्या स्वस्त गोळ्यांत ते मोडतं. त्याची रक्तातली पातळी मात्र तपासत राहावी लागते.

पट्ट्या मी परत घेतल्या नाहीत. हे औषध एकदम तोडलं तर आजार उलटण्याचा धोका वाढतो, हे त्यांना समजावलं. कमी करायचं की थांबवायचं ते डॉक्टरांसमोर बसून ठरवा म्हटलं, आणि रात्री-अपरात्री गरज पडली तर असू द्या म्हणून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर पट्टीच्या कागदी पाकिटावर लिहून दिला. त्यांनी गोळ्या मोजून पुन्हा पिशवीत ठेवल्या. तीन दिवसांच्या तोवर चुकल्या होत्या.