एबीएसचा दिवा लागला म्हणजे मॉड्युलच गेलं असं नाही
जुन्या गाडीत एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आणि ईएसपी (गाडी घसरू लागली तर सावरणारी यंत्रणा) यांचे दिवे मधेच लागतात, मधेच जातात, यावर एक मेसेज फिरतोय की मॉड्युल (एबीएस चालवणारा कंट्रोल बॉक्स) गेलंय ते बदला, नाहीतर बॅटरीची वायर काढून ठेवा, दिवे आपोआप जातात. दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. वायर काढली की फारतर दिवा विझतो, बिघाड तिथेच राहतो, आणि मॉड्युल खराब होतं हे खरं असलं तरी सुरुवात तिथून कशाला, ते महागडं काम आहे राव!

बऱ्याचदा दोष चाकापाशी असतो. चाकाचा वेग मोजणाऱ्या स्पीड सेन्सरवर चिखल नाहीतर लोखंडाची भुकटी बसलेली, सेन्सर जिच्यावरून वेग वाचतो ती रिंग गंजलेली किंवा पुढच्या चाकाजवळ स्टेअरिंगबरोबर वाकून वाकून वायर आतून तुटलेली, वरून बघाल तर रबर अगदी शाबूत. म्हणून मग खड्ड्यात किंवा वळणावरच दिवा लागतो. ईएसपी त्याच सेन्सरवर चालतं म्हणून त्याचाही दिवा सोबत पेटतो. ब्रेक लाइटचा स्विच आणि कमजोर बॅटरीपण बघून घ्या.

साधा स्कॅनर (गाडीला जोडून बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) फक्त इंजिनचे कोड दाखवतो, एबीएसचे वाचणारा लागतो, आणि कोड पुसण्याआधी लिहून ठेवा. स्कॅनरवर चाकांचा वेग दाखवणारा लाइव्ह डेटा लावून सरळ रस्त्यावर हळू चालवा, चारातलं एक चाक मधेच शून्य दाखवलं की चोर सापडला.

फक्त एबीएसचा पिवळा दिवा असेल तर साधे ब्रेक सहसा लागतात, एबीएस नसतं एवढंच. पण हँडब्रेक सोडूनही लाल दिवा असेल तर गाडी बाजूला घ्या आणि आधी ब्रेक ऑइल बघा.