कॅमेरा आणि लेझर आले म्हणून हातोडी बाद होत नाही

सध्या एक दावा जिकडेतिकडे फिरतोय. हायपरस्पेक्ट्रल कॅमेरा (प्रकाशाच्या शेकडो अरुंद पट्ट्यांत चित्र टिपणारा) आणि लेझर स्कॅनर (किरण सोडून अंतरं मोजणारा) एकत्र वापरले की लांब उभं राहून कड्यातला प्रत्येक खडक ओळखता येतो, तोही काही मिनिटांत आणि बिनचूक. मग भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांना डोंगर कशाला चढायला लावायचा? मला ही जोडी फार मोलाची वाटते, म्हणूनच हा दावा खोडून काढणं भाग आहे.

आधी ‘प्रत्येक खडक’. या कामाला बहुतेक वेळा वापरला जाणारा अवरक्त कॅमेरा साधारण 1.3 ते 2.5 मायक्रोमीटर तरंगलांबीचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश टिपतो. चिकणमातीची खनिजं आणि कार्बोनेटं त्यात ठळक ओळखू येतात. चुनखडकातलं मुख्य कार्बोनेट कॅल्साइट 2.34 मायक्रोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतं, मॅग्नेशियम असलेलं कार्बोनेट डोलोमाइट 2.32 च्या. डोळ्यांना दोन्ही सारखेच करडे दिसले तरी वर्णपटात, म्हणजे कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती परत आला त्या आलेखात, वेगळे पडतात. पण शुद्ध क्वार्ट्‌झ आणि फेल्डस्पार यांची या पट्ट्यात स्वतःची खूणच नाही. त्यांच्यासाठी औष्णिक अवरक्त पट्ट्यातलं वेगळं उपकरण लागतं.

दुसरं म्हणजे, कॅमेऱ्याला दिसतो तो खडकाचा फक्त पापुद्रा. त्यावर दगडफूल, शेवाळ किंवा मातीचा लेप असेल तर वर्णपट त्या लेपाचा मिळतो. पावसाळ्यानंतर सह्याद्रीचा कुठलाही कडा पाहा, उघडा पाषाण किती उरतो? ताजी ढलपी काढायला हातोडीच हवी.

‘लेझर खडक ओळखतो’ हेही अर्धवटच. त्याच्या परतलेल्या किरणाच्या तीव्रतेवरून थोडाफार अंदाज येतो, पण त्याचं खरं काम मोजमापाचं, आणि ते काम फार मोठं आहे. कॅमेरा तिकाटण्यावर फिरत एकेक उभी रेघ टिपतो. त्यामुळे चित्रात सरळ थरही वाकलेले दिसतात आणि जवळचा-लांबचा खडक एकाच पातळीवर येतो. ते चित्र लेझरच्या त्रिमितीय प्रतिकृतीवर सामायिक खुणा जुळवून बसवलं, की मगच थराची जाडी मीटरमध्ये मोजता येते, प्रस्तरभंगाचा (खडक तुटून सरकलेल्या भेगेचा) कल काढता येतो.

उत्तर स्पेनमधल्या पोझालाग्वा खाणीत नॉर्वेतल्या बर्गेनच्या संशोधकांनी हेच केलं. तिथे क्रिटेशस (डायनासोरांच्या शेवटच्या) काळातल्या चुनखडकात उष्ण द्रावणांमुळे डोलोमाइट तयार झाला आहे. दोघांची सीमा उंच खाणभिंतीवर जाते, हात पोचणार नाही अशा जागी. वर्णपटांनी सीमा दाखवली, लेझरने तिला आकार आणि माप दिलं. एकट्या उपकरणाला हे जमलं नसतं. आणि निष्कर्ष त्यांनी तिथूनच आणलेल्या नमुन्यांशी ताडून पाहिले, हे दावा करणारे सांगत नाहीत.

‘काही मिनिटांत’ होतं ते फक्त चित्रण. हवेतली वाफ 1.4 आणि 1.9 मायक्रोमीटरपाशी प्रकाश गिळते, ते पट्टे टाकून द्यावे लागतात. कड्यासमोर, तुलनेसाठी, परावर्तन माहीत असलेला पांढरा फलक ठेवावा लागतो. ऊन सरकलं की सावल्या सरकतात, सावलीतल्या भागाचा वर्णपट दुबळा येतो. पुढचं संगणकावरचं काम कितीतरी लांबतं.

राहिलं ‘बिनचूक’. एकाच पिक्सेलमध्ये कॅल्साइट आणि डोलोमाइट मिसळलेले असले तर शोषणाची जागा मधेच कुठेतरी येते. लोह असेल तर ती आणखी सरकते. ‘हा डोलोमाइट’ असं संगणकाला आधी कुणीतरी दाखवावं लागतं, आणि दाखवणाऱ्याने तो खडक हातात घेतलेला असावा लागतो.

आपल्याकडे चंद्रपूर-यवतमाळच्या चुनखडीच्या खाणींत ही जोडी उपयोगी पडावी असं मला वाटतं. सिमेंटच्या चुनखडीत मॅग्नेशिया (मॅग्नेशियमचं ऑक्साइड) वाढलेला चालत नाही, म्हणून डोलोमाइटचे पट्टे वेळीच वेगळे काढावे लागतात. या जोडीने केलेल्या नकाशावर नमुन्याच्या जागा आधी ठरवायच्या आणि मग भिंतीपाशी जाऊन तेवढेच तुकडे फोडायचे, असं काम विद्यार्थ्यांना शिकवा. त्यासाठी त्यांच्या क्षेत्रभेटी कमी करू नका, वाढवा.