‘घराण्यात नाही’ म्हणून तपासणी टाळावी काय?

कोल्हापुरातल्या आमच्या बचत गटाच्या बैठकीत एका वहिनींनी मोबाइल पुढे केला. त्यावर संदेश होता : ‘गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर रक्तातच असतो. घराण्यात कुणाला झाला नसेल तर तपासणीच्या नादाला लागू नका. झाला असेल तर लस घेऊनही टळत नाही.’ गटागटांत फिरणाऱ्या या मजकुरात खऱ्याचा एक कण आहे आणि त्याच्याच आधारावर बाकीचे खोटे उभे आहे, म्हणून तो एकेका विधानानिशी तपासतो.

‘रक्तातच असतो.’ हा कर्करोग होतो तो एचपीव्ही या विषाणूच्या दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गामुळे. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउझेन यांनी १९८३ मध्ये या गाठींत त्याचा १६ क्रमांकाचा प्रकार दाखवला आणि त्या कामासाठी त्यांना २००८ चे नोबेल मिळाले. खरा कण पुढे आहे. हा संसर्ग बहुतेक स्त्रियांना कधी ना कधी होतो आणि बहुतेकींच्या शरीरातून वर्ष-दोन वर्षांत निघूनही जातो. थोड्या जणींत तो का रेंगाळतो, याचे एक उत्तर जनुकांत आहे. एचएलए नावाची जनुके अशी प्रथिने घडवतात, जी विषाणूचे तुकडे रोगप्रतिकारक पेशींपुढे धरतात; ही जनुके माणसागणिक वेगळी असल्याने कुणाच्या पेशींना विषाणू चटकन ओळखू येतो, कुणाच्या नाही. स्वीडनमधील १९९९ च्या अभ्यासात रुग्ण स्त्रियांच्या सख्ख्या बहिणींत धोका सुमारे दुप्पट आढळला, पण रक्ताचे नाते नसलेल्या बहिणींत तशी ठळक वाढ दिसली नाही. म्हणजे जनुकांचा वाटा आहे. मात्र तो विषाणू आल्यानंतरचा आहे.

‘घराण्यात नाही.’ या आजाराच्या बहुतेक रुग्णांच्या घरी तो आधी कुणाला झालेला नसतो. शिवाय आपल्याकडच्या घराण्याचा इतिहास कितपत भरवशाचा? आजी ‘अंगावरून जाऊन जाऊन’ गेली, एवढेच घरात सांगितले जाते. त्यामागे काय होते, हे कुणी तपासलेले नसते.

‘लस घेऊनही टळत नाही.’ ज्या स्वीडनने अनुवंशाचा वाटा मोजला, तिथेच २०२० मध्ये असे दिसले की सतराव्या वर्षाआधी लस घेतलेल्या मुलींत हा कर्करोग ८८ टक्क्यांनी कमी होता. विषाणूच शिरला नाही, तर जनुकांतली कमजोरी कामाला येत नाही. म्हणून बहिणीला किंवा आईला हा आजार झालेल्या घरातल्या मुलीला तर लस अधिकच अगत्याने द्यावी. ९ ते १४ हे वय उत्तम.

‘तपासणीच्या नादाला लागू नका.’ हे सर्वांत घातक वाक्य आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, आपल्यासारख्याच मराठी बायकांमध्ये, ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून अधिक जणींवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, एचपीव्हीची एकच तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, आणि त्यासाठी कुणालाही घराणे विचारावे लागले नाही. दुसरी साधी पद्धत म्हणजे ॲसिटिक आम्लात भिजवलेला कापसाचा बोळा गर्भाशयमुखाला लावून मिनिटभर थांबणे; बिघडलेला भाग पांढरा पडतो आणि तो कर्करोग होण्याआधीच काढता येतो. वहिनींचे वय ४२ आहे आणि त्यांनी अशी तपासणी एकदाही केलेली नाही. कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागात चौकशी करण्यासाठी त्या आणि मी सोमवारी जाणार आहोत.